नियम, सूट आणि कारण : न्यूयॉर्कच्या झोनिंगची पहिली पंचेचाळीस वर्षे

१९१५ साली न्यूयॉर्कमध्ये १२०, ब्रॉडवे या पत्त्यावर इक्विटेबल इमारत पुरी झाली. तिथली जुनी इमारत जानेवारी १९१२ मध्ये आगीत गेली होती. नवीच्या खालची जमीन एकरभरही नव्हती आणि आतले चटईक्षेत्र मात्र सुमारे १२ लाख चौरस फूट होते. मुंबईच्या भाषेत सांगायचे तर एफएसआय, म्हणजे चटईक्षेत्राचे जमिनीच्या क्षेत्राशी गुणोत्तर, जवळपास ३०. पदपथाच्या कडेपासून अडतीस मजले सरळ वर गेलेले, कुठेही एक पाऊल मागे न घेता. शेजारच्या इमारतींच्या खिडक्यांवर दिवसा सावली पडू लागली, दिवे लावावे लागले, भाडेकरू कुरकुरू लागले. आपल्या मालमत्तेची किंमत घसरली, तेव्हा करही कमी करा, अशी मागणी घेऊन शेजारचे मालक शहराच्या कर आकारणी खात्याकडे गेले. यात बेकायदा काहीच घडले नव्हते. आपल्या जमिनीवर किती उंच बांधावे याला शहरात तेव्हा सर्वसाधारण मर्यादाच नव्हती. जमीन ज्याची, आकाश त्याचे, ही समजूत इतकी रुजलेली होती की तिचे टोक गाठणारी इमारत उभी राहीपर्यंत ती बदलण्याची निकड बहुतेकांना वाटली नव्हती.

दुसरे कारण थोडे उत्तरेला, फिफ्थ ॲव्हेन्यूवर तयार होत होते. तिथल्या उंची दुकानांच्या आसपास तयार कपड्यांचे कारखाने सरकत आले होते. दुपारच्या सुटीत हजारो कामगार, त्यांतले बरेचसे पूर्व युरोपातून आलेले ज्यू स्थलांतरित, पदपथावर उभे राहत. दुकानदारांच्या संघटनेला ही गर्दी नको होती. मार्च १९१६ मध्ये मोठ्या दुकानांनी वर्तमानपत्रांत पानभर जाहिराती देऊन कारखानदारांना बजावले, की तेहतिसाव्या ते एकोणसाठाव्या रस्त्यांदरम्यानचा भाग सोडा, नाहीतर तुमचा माल आम्ही घेणार नाही. हे मुद्दाम नोंदवले पाहिजे. झोनिंगच्या, म्हणजे कोणत्या भागात काय आणि किती उंच बांधावे हे ठरवणाऱ्या नियमांच्या, जन्मकथेत उजेड आणि हवा यांची खरी काळजी होती, तसाच गरीब माणूस नजरेआड जावा हा हट्टही होता. नियमाचा हेतू राखून सूट द्यावी असे पुढे कायद्यात लिहिले गेले, तेव्हा यातला कोणता हेतू राखायचा हा प्रश्न त्या वाक्याला चिकटलेलाच राहिला.

२५ जुलै १९१६ रोजी झोनिंगचा ठराव मंजूर झाला. शहराचा प्रत्येक रस्ता तीनपैकी एका वापराखाली आला: निवासी, व्यापारी किंवा अनिर्बंध. उंची रस्त्याच्या रुंदीशी बांधली गेली. भाग पाहून रस्त्याच्या रुंदीच्या एक ते अडीच पट उंचीपर्यंत भिंत सरळ नेता येई. त्यापुढे इमारतीने टप्प्याटप्प्याने मागे सरकायचे. भूखंडाच्या चतुर्थांश भागावर मात्र मनोरा हवा तितका उंच चढवता येत असे. क्रायस्लर आणि एम्पायर स्टेट या इमारतींचे पायऱ्यांसारखे चढत गेलेले रूप या ठरावाचीच देणगी आहे. ठरावामागे अनेकांचे कष्ट होते, पण त्याची कायदेशीर बाजू सांभाळणारे मुख्य गृहस्थ म्हणजे एडवर्ड बॅसेट हे वकील. पुढे अमेरिकेत त्यांना झोनिंगचे जनक म्हटले गेले.

बॅसेट यांच्यापुढचा पेच साधा नव्हता. मालकांना नुकसानभरपाई देऊन निर्बंध घालणे शहराला परवडणारे नव्हते. भरपाई न देता घालायचे, तर जनतेचे आरोग्य आणि सुरक्षितता यांसाठी सरकारला असलेल्या सर्वसाधारण नियामक अधिकारावर विसंबावे लागणार. या अधिकाराला न्यायालये कुठवर ताणू देतील? लॉस एंजेलिसच्या एका वीटभट्टीच्या खटल्यात १९१५ मध्येच सर्वोच्च न्यायालयाने शहराची बाजू घेतली होती. भट्टीसाठी ती जमीन ८ लाख डॉलरची आणि इतर कामासाठी केवळ ६० हजारांची, असे मालकाचे म्हणणे होते. तरीही बंदी टिकली. पण भट्टीचा धूर शेजाऱ्याच्या घरात शिरतो, हे कुणालाही पटते. निवासी रस्त्यावर किराणा दुकान नको, हे पटवणे अवघड होते. शिवाय लाखो भूखंडांच्या शहरात एकच नियम सगळीकडे सारखा लागू केला, तर कुणाची तरी तिरकी, अरुंद, खडकाळ जमीन अशी निघणारच की तिच्यावर नियमाप्रमाणे काहीच बांधता येणार नाही. असा एक मालक न्यायालयात गेला आणि जिंकला, तर त्याच्याबरोबर सगळा ठराव कोसळेल, ही भीती होती. म्हणून अपील मंडळ निर्माण झाले. नियमाचे अक्षर तंतोतंत पाळण्यात व्यावहारिक अडचण किंवा विनाकारण हाल होत असतील, तर ठरावाचा हेतू आणि सार्वजनिक सुरक्षितता राखून मंडळाने त्या मालकापुरता नियम बदलावा, असा अधिकार त्याला मिळाला. बॅसेट प्रभृती या तरतुदीला सुरक्षा-झडप म्हणत. तिच्यामुळे वाचणार होता तो मालक, आणि त्याहून अधिक खुद्द नियम.

मालकाची वाट अशी होती. तो नकाशा घेऊन इमारत खात्यात जाई. नियमात न बसणारा नकाशा नाकारणे अधिकाऱ्याला भागच असे, आणि त्या नकाराचा कागद हाच अपिलाचा परवाना ठरे. मग मंडळाकडे अर्ज, शेजाऱ्यांना सूचना, जाहीर सुनावणी, गरज पडल्यास जागेची पाहणी आणि शेवटी मतदान. निकाल न रुचलेला शेजारी न्यायालयात जाऊ शके. कागदावर ही रचना चांगली होती. तिच्या पोटात मात्र दोन वेगळ्या जातीच्या सवलती एकत्र नांदत होत्या. गॅरेजचा नियम जवळून पाहिला की फरक कळतो. व्यापारी रस्त्यावर पाचांहून अधिक मोटारींचे गॅरेज उभारायला बंदी होती. पण त्याच रस्त्यावर, दोन चौकांच्या दरम्यान, आधीच तसे गॅरेज किंवा पाचांहून अधिक घोड्यांचा तबेला असेल, तर मंडळ परवानगी देऊ शके. ज्यांच्यावर परिणाम होणार त्या रस्त्याकडील हद्दीच्या ८० टक्के मालकांची लेखी संमती आणली, तरीही देऊ शके. या सवलती अटींसह नियमातच लिहिलेल्या होत्या. तबेला आहे की नाही हे कुणीही जाऊन पाहू शकत होता. उलट अडचण आणि हाल यांवर आधारलेली सूट मोकळी होती. हाल म्हणजे काय, किती आणि कुणाचे, हे ठरावाने सांगितले नव्हते. ते मंडळाच्या सदस्यांवर सोपवले होते.

त्यानंतरच्या दहा वर्षांत शहर मोटारींनी भरले. अग्निशमन दलातलेही घोडे गेले आणि इंजिने आली. गॅरेज आणि पेट्रोल पंप यांना जागा हवी होती, आणि आग, गोंगाट व वाहतूक यांच्या भयाने हेच धंदे शेजाऱ्यांना सर्वांत नकोसे होते. मंडळाचा एक होकार जमिनीची किंमत एका दुपारीत कितीतरी पटींनी वाढवू शकत होता. अशा ठिकाणी मध्यस्थ उभा राहतोच. विल्यम डॉयल हे अग्निशमन दलातले माजी पशुवैद्य. ते ना वकील होते ना वास्तुरचनाकार. पण विसाच्या दशकात ते मालकांच्या वतीने मंडळापुढे उभे राहू लागले. नाकारलेले अर्ज त्यांच्या हातून गेले की मंजूर होत आणि शुल्कापोटी त्यांच्याकडे लाखो डॉलर जमा झाले. मालकाने कोणत्या कारणाने सूट मागितली आणि मंडळाने कोणत्या कारणाने दिली, हे नोंदीत शोधू जाणाऱ्याला बहुधा एक ठराविक वाक्य सापडे: व्यावहारिक अडचण व विनाकारण हाल दिसून आल्यामुळे.

१९३१ मध्ये न्यूयॉर्क राज्याच्या विधिमंडळाने शहराच्या कारभाराची चौकशी करण्यासाठी सिनेटर हॉफस्टॅटर यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली. तिचे वकील होते माजी न्यायमूर्ती सॅम्युअल सीबरी. त्यांनी डॉयल यांना साक्षीला बोलावले. शुल्कातला वाटा आपण इतरांना देत होतो हे डॉयल यांनी मान्य केले, पण कुणाला ते सांगायला नकार दिला. त्यांच्यावर अवमानाची कारवाई झाली. तिला स्थगिती मिळाली ती कशी, हे पुढच्या सुनावणीत उघड झाले. शहरावर सत्ता गाजवणाऱ्या टॅमनी हॉल या राजकीय यंत्रणेचे प्रमुख जॉन करी यांनी लेक प्लॅसिड इथे असलेल्या एका न्यायमूर्तींशी दूरध्वनीवरून संपर्क साधून हा मार्ग मोकळा करून घेतला होता. समितीच्या अधिकारांची कसोटी लागावी म्हणून आपण तसे केले, असे करींनी समितीला सांगितले. सत्ताधारी पक्षाचा सर्वोच्च माणूस एका पशुवैद्याच्या मौनासाठी इतकी धावपळ करतो, यावरून त्या मौनाचे मोल लोकांना समजले. साक्षीदाराला पूर्ण अभय देता येत नसेल, तर सगळ्याच प्रश्नांची उत्तरे मागता येणार नाहीत, ही अडचण न्यायालयात निघाली आणि गव्हर्नर फ्रँकलिन रूझवेल्ट यांनी कायदा सुधारण्यासाठी विधिमंडळाचे खास अधिवेशन बोलावले. महापौर जिमी वॉकर यांच्यावरचे आरोप बसच्या परवान्यासारख्या वेगळ्या व्यवहारांचे होते. पण त्याच चौकशीच्या ओघात १ सप्टेंबर १९३२ रोजी त्यांना राजीनामा द्यावा लागला.

या प्रकरणाचा सोपा अर्थ असा लावला जातो, की माणसे भ्रष्ट होती, ती गेली आणि प्रश्न मिटला. मला हा अर्थ अपुरा वाटतो. डॉयल यांच्या साक्षीच्या आधीच, १९२७ मध्ये, राज्याच्या सर्वोच्च अपील न्यायालयात न्यायमूर्ती बेंजामिन कार्डोझो यांनी एका चर्चच्या तक्रारीवर निकाल देताना धोका ओळखला होता. मंडळाचा हा अधिकार नाजूक आहे आणि त्याचा दुरुपयोग सहज होऊ शकतो, असे त्यांनी लिहिले. सदस्यांनी स्वतःच्या माहितीवर निर्णय घ्यायला हरकत नाही, पण मग ती माहिती त्यांनी न्यायालयापुढे लेखी मांडली पाहिजे, असेही बजावले. या निकालाचे महत्त्व प्रामाणिक सदस्याच्या संदर्भात अधिक आहे. समजा, मंडळात पैशाला हात न लावणारी माणसे बसली आहेत. समोर एक विधवा येते, तिचे उत्पन्न थांबले आहे, घराच्या तळमजल्यावर दुकान काढू द्या म्हणते. सदस्य हळहळतात आणि हो म्हणतात. पुढच्या महिन्यात शेजारचा मालक त्याच मंजुरीकडे बोट दाखवून तेच मागतो. चार वर्षांत निवासी रस्ता बाजार होतो, आणि हा बदल करावा असे कोणत्याही निवडून आलेल्या सभागृहाने ठरवलेले नसते. मालकाच्या परिस्थितीकडे पाहून दिलेली सूट जमिनीला कायमची चिकटते. मालक बदलतो, तिचे हाल संपतात, दुकान राहते.

म्हणून खरी दुरुस्ती झाली ती साक्षीदाराच्या पिंजऱ्यात नव्हे, तर त्यानंतरच्या काही निकालांत. वृत्तपत्रांनी त्यांची फारशी दखल घेतली नसावी, इतके ते रुक्ष आहेत. १९३५ मध्ये अपील न्यायालयाने सांगितले, की अडचण सगळ्या भागाची सारखीच असेल, तर ती सुटीचा विषय नाही. तो नियमच बदलण्याचा विषय आहे आणि ते काम लोकप्रतिनिधींचे. १९३८ मध्ये ब्रुकलिनच्या एका ओसाड भागातला खटला आला. निवासी म्हणून रंगवलेली जमीन, आजूबाजूला घरांचा पत्ता नाही, परिसरात दुर्गंधी. मालकाला पेट्रोल पंप हवा होता. नजीकच्या काळात या जमिनीचा परवानगीतल्या कोणत्याही कामासाठी वाजवी उपयोग होऊ शकत नाही, तेव्हा हा निर्बंध तिथे टिकत नाही, असे न्यायालय म्हणाले. सूट नावाची गोष्टच काढून टाका, नियम सर्वांना सारखा, असे म्हणणाऱ्यांनी हा खटला पाहावा. नकाशावर रेषा ओढणाऱ्याला प्रत्येक भूखंड दिसत नाही. झडप काढून टाकली, तर न्यायालये नियमच मोडीत काढू लागतील, ही बॅसेट यांची भीती कल्पनेतली नव्हती.

या दोन टोकांमधली वाट १९३९ मध्ये लाँग आयलंडवरच्या लिनब्रुक गावच्या खटल्यात आखली गेली. मेरिक रोडवरच्या एका मालकाचा भूखंड पुढे व्यापारी आणि मागे निवासी विभागात मोडत होता. त्याला चाकांच्या स्केटिंगसाठी रिंक बांधायची होती. ती मागच्या भागात शिरत असल्याने त्याने सूट मागितली आणि गावच्या मंडळाने ती दिली. न्यायालयाने रद्द केली आणि तीन गोष्टी सिद्ध करायला सांगितल्या. परवानगी असलेल्या कोणत्याही वापरातून जमिनीला वाजवी उत्पन्न मिळू शकत नाही. ही अडचण या जमिनीच्या वेगळेपणामुळे आली आहे, परिसराच्या सर्वसाधारण स्थितीमुळे नाही. आणि मागितलेल्या वापराने परिसराचे मूळ रूप बदलणार नाही. अधिक नफा मिळेल, हे कारण पुरत नाही. आतापर्यंत मंडळ मालकाकडे पाहत होते, आता त्याला जमिनीकडे पाहावे लागणार होते. जमिनीचे वेगळेपण मोजता येते, त्याचा नकाशा काढता येतो आणि शेजाऱ्याला ते खोडूनही काढता येते. पुढच्या निकालांत आणखी एक अट पक्की झाली: निर्बंध माहीत असताना जमीन विकत घेऊन मग हालाची तक्रार करता येणार नाही, कारण ते हाल स्वतः ओढवून घेतलेले आहेत.

यावर आक्षेप येतो आणि तो वजनदार आहे. कसोट्या लिहून काय साधते? चांगला वकील कसोटीला बसणारे कारण लिहून देतो आणि मंडळ सही करते. न्यूयॉर्कची पद्धत एव्हाना देशभर गेली होती. हर्बर्ट हूव्हर वाणिज्यमंत्री असताना विसाच्या दशकात त्यांच्या खात्याने नमुना कायदा तयार केला, त्यात असेच मंडळ होते, आणि १९२६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ओहायोतल्या युक्लिड गावाच्या खटल्यात झोनिंग वैध ठरवल्यावर एकामागून एक राज्यांनी तो उचलला. १९६२ मध्ये केंटकीतल्या लेक्सिंग्टन शहराच्या मंडळाचा अभ्यास प्रसिद्ध झाला. ड्यूकमिनिअर आणि स्टेपलटन या अभ्यासकांनी त्याच्या शीर्षकातच कुशासन हा शब्द वापरला. कायद्याच्या अटी पूर्ण झाल्या का, हे न तपासता तिथे सुटी दिल्या जात होत्या. आक्षेप खरा आहे, हे मान्यच केले पाहिजे. पण तो अभ्यास शक्य कशामुळे झाला हेही पाहायला हवे. कायद्याने अटी लिहिल्या होत्या आणि सुनावण्या खुल्या होत्या, म्हणून निर्णय त्यांच्याशी ताडून पाहता आले. डॉयल यांच्या काळातले चूक-बरोबर ठरवायला सीबरींना बँकेची खाती उलथावी लागली. लेक्सिंग्टनमध्ये दोन अभ्यासकांना मंडळाच्या कामकाजावरूनच ते दाखवता आले. लिहिलेली कसोटी गैरव्यवहार थांबवत नाही, पण तो दाखवून देता येण्याजोगा करते, आणि शेजाऱ्याला न्यायालयात उभे राहायला जागा देते.

१९६१ मध्ये न्यूयॉर्कने जुना ठराव बाजूला ठेवून नवा आणला. सुटीसाठी त्यात पाच निष्कर्ष लेखी नोंदवणे मंडळाला सक्तीचे झाले: जमिनीची वेगळी भौतिक स्थिती, वाजवी परताव्याचा अभाव, परिसराचे रूप न बिघडणे, अडचण मालकाने स्वतः न निर्माण करणे, आणि सूट गरजेपुरतीच असणे. बहुतेक सगळे आधीच्या निकालांतून आलेले आहे. आजही तिथला मालक याच पाच निष्कर्षांच्या मापाने अर्ज लिहितो, खडकाचा किंवा पाणी लागलेल्या पायाचा अहवाल जोडतो, खर्च आणि उत्पन्नाचा ताळेबंद मांडतो, आणि विरोधक त्याच कागदांवर बोट ठेवतात.

मुंबईच्या वाचकाला हे सगळे परके वाटू नये. २५ मार्च १९९१ पासून लागू झालेल्या बृहन्मुंबई विकास नियंत्रण नियमावलीत ६४ (ब) हा नियम होता. स्पष्ट दाखवता येण्याजोगी अडचण असेल, तर आयुक्त कारणे लेखी नोंदवून नियमातली मापे शिथिल करू शकत. एफएसआय मात्र, नियमांनी वेगळे म्हटले नसेल तर, शिथिल करता येत नव्हता, आणि रहिवासी व शेजारी यांच्या आरोग्याला आणि सुरक्षिततेला बाधा येऊ नये अशी अट होती. कसोटीची भाषा न्यूयॉर्कच्या जवळची आहे, रचना मात्र वेगळी. मंडळ नाही, जाहीर सुनावणीची सक्ती नाही, एकटे आयुक्त. व्यवहारात बाल्कनी, फ्लॉवर बेड, मोकळ्या पोकळ्या अशी क्षेत्रे एफएसआयबाहेर धरून मिळवायची आणि गाळ्याच्या किमतीत विकायची, हा धंदा झाला. जानेवारी २०१२ च्या दुरुस्तीने यांतली बरीच क्षेत्रे एफएसआयमध्ये मोजायला लावली आणि त्याबदली निवासी इमारतींना प्रीमियम भरून ३५ टक्क्यांपर्यंत जादा, म्हणजे फंजिबल, एफएसआय दिला. जे फायलीत मर्जीने मिळत होते, ते दर लावून सर्वांना सारखे खुले झाले.

हा उपाय न्यूयॉर्कहून चांगला, असे बरेच जाणकार मानतात. मर्जी गेली, दर आला, आणि मध्यस्थाच्या खिशात जाणारा पैसा तिजोरीत जाऊ लागला. यात तथ्य आहे आणि एफएसआयपुरते मी ते मान्य करतो, कारण सर्वांना सारखे मिळणारे ते सूट राहतच नाही, तो नवा नियम होतो. पण बाजूच्या मोकळ्या जागा कमी सोडण्यासाठीही प्रीमियम भरावा लागतो, आणि तिथे हे समर्थन पुरत नाही. दोन इमारतींमधले अंतर कमी झाले, तर उजेड जातो शेजारच्या दुसऱ्या मजल्यावरच्या स्वयंपाकघरातला आणि पैसे मिळतात महापालिकेला. ज्याचे गेले त्याला विचारलेलेही नसते. शिवाय जितक्या सवलती अधिक तितके उत्पन्न अधिक, अशी व्यवस्था झाली की सवलत नाकारण्यात महापालिकेचाच तोटा होतो. अडचण जमिनीची आहे की विकासकाच्या हिशेबाची, हा प्रश्न दर भरला की विचारण्याचे कारण उरत नाही. १९९१ च्या नियमावलीने कारणे लेखी नोंदवायला सांगितलेच होते. ती मंजुरीआधी शेजाऱ्यांच्या हाती देणे आणि त्यांचे म्हणणे ऐकून मगच आदेश काढणे, एवढी भर घालायला नवे मंडळही लागत नाही.